कोलाहल आणि कारागिरी

रेडिओची खुंटी फिरविताना दोन केंद्रांच्या मध्ये जो खरखराट ऐकू येतो, तो टाळण्यासाठीच प्रत्येक श्रोत्याची धडपड असते. गाणे स्वच्छ यावे, भाषण स्पष्ट यावे आणि मधली ती खरखर नाहीशी व्हावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगाच्या निरनिराळ्या शहरांत असेही काही कलावंत होऊन गेले, आणि आजही आहेत, की ज्यांनी नेमकी ही खरखरच आपल्या कलेचे द्रव्य म्हणून हाती घेतली. पत्र्यावर घासलेला खिळा, ध्वनिवर्धकाची कर्कश शीळ, यंत्राची घरघर आणि कोऱ्या फितीची सळसळ यांतून त्यांनी जे रचले, त्याला इंग्रजीत ‘नॉइज’ असे एका शब्दाचे नाव मिळाले. मराठीत त्याला कोलाहल-संगीत म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. त्यात बहुधा सुरावट नसते, ताल नसतो, शब्दही नसतात.

या संगीताचे बाह्यरूप पाहू गेल्यास एक विलक्षण विसंगती आढळते. आवाज सर्वस्वी यंत्राचा. पण तो ज्या वस्तूतून लोकांपर्यंत पोहोचला, ती मात्र हाताने घडविलेली. कात्रीने कापलेल्या चित्रांचे मुखपृष्ठ, लेखणीने लिहिलेले नाव, रंगाचा फवारा मारलेली डबी, सुतळीने बांधलेली पिशवी, अशा थाटात या कॅसेटी निघत असत. ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेला त्या व्यवसायात ‘लेबल’ म्हणतात. या क्षेत्रातील लेबल म्हणजे बहुधा एकच माणूस, त्याची एक खोली आणि जवळचे टपालघर, एवढाच कारभार. जगातील सर्वांत यांत्रिक आवाज सर्वांत हस्तनिर्मित वेष्टनात का यावा, या प्रश्नाच्या उत्तरातच या चळवळीचे मर्म साठविलेले आहे.

कोलाहलाला कलेचा दर्जा मागणारा पहिला मोठा आवाज इटलीत उठला. लुइजी रुसोलो हा चित्रकार. १९१३ साली त्याने बालिल्ला प्रातेल्ला या संगीतकाराला उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले आणि त्याला ‘कोलाहलांची कला’ असे शीर्षक दिले. कारखाने, आगगाड्या आणि गर्दीचे रस्ते यांनी माणसाचा कान बदलून टाकला आहे; तेव्हा संगीतानेही बदलले पाहिजे, असा त्याचा दावा होता. नुसत्या दाव्यावर तो थांबला नाही. मोठ्या लाकडी पेट्यांना कर्णे बसवून त्याने गुरगुरणारी, कडकडणारी, शीळ घालणारी वाद्ये बनविली, आणि १९१४ साली मिलान येथे ती वाजवून दाखविली तेव्हा नाट्यगृहात रणकंदन माजले. त्या मूळ वाद्यांपैकी आज एकही उरलेले नाही. पुढे १९४८ साली पॅरिस येथे फ्रेंच रेडिओच्या सेवेतील पिएर शेफेर या अभियंत्याने बातिन्योल स्थानकावरील आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले, त्यांचे तुकडे जोडून रचना तयार केली आणि त्या वर्षी ५ ऑक्टोबर रोजी अशा रचनांचा कार्यक्रम प्रसारित झाला. कोलाहलाचे हे दुसरे पाऊल रेडिओच्या घरातच पडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तथापि या दोन्ही प्रयोगांची एक मर्यादा होती. रुसोलोला वाद्यांचा कारखाना उभारावा लागला. शेफेरला सरकारी रेडिओची यंत्रशाळा लागली. ज्याच्या पाठीशी असे काही नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी दार उघडले ते १९६३ साली, आणि तेही संगीताशी फारसा संबंध नसलेल्या हेतूने.

त्या वर्षी बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने कॅसेट प्रथम मांडली. बेल्जियममधील हासेल्ट येथे लू ओटेन्स याच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली होती. यंत्र किती लहान असावे हे ठरविण्यासाठी ओटेन्सने आधी कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा करून घेतला होता, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. कॅसेटमधील फीत म्हणजे प्लास्टिकची अत्यंत पातळ पट्टी, आणि तिच्यावर बसविलेली लोहाच्या ऑक्साइडची पूड. आवाजाच्या विद्युत्‌लहरी त्या पुडीचे कण चुंबकित करतात, आणि पुन्हा वाजविताना कणांची तीच मांडणी आवाज होऊन परत येते. या फितीची रुंदी अवघी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. ध्वनिमुद्रणाच्या मोठ्या यंत्रशाळांत याहून रुंद फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावत असे. अरुंद फीत आणि मंद गती यांमुळे कॅसेटमध्ये एक अखंड सळसळ राही. फिलिप्सने ती मुख्यतः तोंडी मजकूर टिपून घेण्यासाठी योजिली होती. उत्तम संगीताचे ते साधन नव्हेच, असा जाणकारांचा आरंभीचा समज होता.

पण या हलक्या समजल्या गेलेल्या वस्तूत एक मोठी शक्ती दडलेली होती. ध्वनिमुद्रिका म्हणजे तबकडी काढावयाची, तर साचा करावा लागतो आणि शेकडो प्रती एकदम काढाव्या लागतात. त्यासाठी भांडवल हवे आणि भांडवल घालणाऱ्याची पसंतीही हवी. कॅसेटची एकच प्रत काढता येते. दुसरी कोणी मागितली, तर दुसरी काढावी. दोन यंत्रे तारेने जोडली, एकात भरलेली कॅसेट आणि दुसऱ्यात कोरी घातली, आणि कळ दाबली की प्रकाशनाचे काम सुरू झाले. प्रकाशकाची परवानगी नको, छापखाना नको, दुकानदार नको. १९७९ साली टास्कम कंपनीने साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्यांत मुद्रण करणारे छोटे यंत्र बाजारात आणले, आणि यंत्रशाळेचा उंबरठाही घरात आला.

ध्वनिमुद्रणाच्या बड्या व्यवसायाला या शक्तीची जाणीव झाली, पण ती भयाच्या रूपाने. १९८१ साली ब्रिटनमधील ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघटनेने घरगुती मुद्रण संगीताचा जीव घेत आहे, अशा अर्थाची मोहीम काढली. तिच्या चिन्हात कॅसेटला कवटीचे रूप देऊन खाली दोन हाडे आडवी घातली होती. व्यापाराच्या दृष्टीने प्रत काढणे म्हणजे चोरी होती. नेमक्या त्याच काळात काही माणसांनी मात्र प्रत काढणे यालाच प्रकाशन मानले होते.

लंडनमध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या चौघांच्या गटाने १९७६ साली ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ हे स्वतःचे लेबल काढले होते. आपल्या कार्यक्रमांच्या कॅसेटी ते विकत, आणि एकदा तर तासातासाच्या चोवीस कॅसेटी एका हातपेटीत बसवून त्यांनी तो संच प्रसिद्ध केला. या गटातील काहींचा संबंध टपाल-कलेशी होता. टपाल-कला म्हणजे स्वतः केलेली लहान चित्रे, चिकटचित्रे, शिक्के असे काहीबाही पाकिटात घालून अनोळखी कलावंतास पाठवावयाचे आणि त्याच्याकडून तसेच काही येण्याची वाट पाहावयाची. न्यू यॉर्कच्या रे जॉन्सनने ही रीत रूढ केली होती. कॅसेट पाकिटात मावते, हे ज्या दिवशी या लोकांच्या ध्यानी आले, त्या दिवशी कोलाहल-संगीताला आपला मार्ग सापडला, असे म्हणता येईल.

या मार्गावरचा सर्वांत चिकाटीचा प्रवासी तोक्योचा मासामी अकिता. १९५६ साली जन्मलेला आणि विद्यापीठात चित्रकला व कलाशास्त्र शिकलेला हा तरुण १९७९ च्या सुमारास ‘मर्झबो’ हे नाव घेऊन कोलाहलाकडे वळला. त्या नावाचा इतिहासही अर्थपूर्ण आहे. जर्मनीतील हानोव्हरचा कुर्ट श्विटर्स हा कलावंत रस्त्यावरचे कागद, तिकिटे, मोडके लाकूड असल्या टाकाऊ वस्तूंपासून चित्रे करीत असे. एका छापील कागदावरील ‘कॉमर्झ’, म्हणजे व्यापार, या अर्थाच्या शब्दाचा आरंभीचा भाग कापला गेला आणि ‘मर्झ’ एवढाच उरला. तेच त्याने आपल्या कलेचे नाव केले. पुढे त्याने आपल्या घरातच अशा वस्तूंची एक वाढती वास्तू उभारली, तिला ‘मर्झबाऊ’ म्हणत. १९४३ सालच्या बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. व्यापार या शब्दाचे डोके उडवून उरलेला तुकडा ज्या नावात आहे, ते नाव अकिताने निवडावे हे त्याच्या पुढील कामाशी सुसंगतच होते.

अकिताने प्रथम ‘लोएस्ट म्यूझिक अँड आर्ट्स’ हे लेबल काढले. सर्वांत खालच्या पायरीचे संगीत आणि कला, असा त्या नावाचा आशय. परदेशी कलावंतांशी कॅसेटींची देवाणघेवाण करता यावी, हाच त्याचा मुख्य हेतू होता. १९८४ साली ‘झेडएसएफ प्रोडुक्ट’ हे दुसरे लेबल निघाले. भंगार धातू, तारा, ध्वनिवर्धकाची शीळ आणि फितीची वेटोळी यांतून तो आवाज उभा करी. आणि नियतकालिकांतील चित्रे कापून, चिकटवून, त्यांच्या छायाप्रती काढून मुखपृष्ठे सजवी. छायाप्रत काढण्याचे यंत्र आणि कॅसेटचे यंत्र ही त्याच्या दृष्टीने सख्खी भावंडेच होती. दोन्ही स्वस्त, दोन्ही सर्वांना उपलब्ध, आणि दोन्ही प्रत्येक प्रतीत मूळ वस्तूचे थोडे रूप घालवून आपले थोडे रूप मिसळणारी.

अशी एखादी कॅसेट तयार होण्यास किती श्रम पडत, याची कल्पना आज सहज येणार नाही. साध्या यंत्रावर तासाभराच्या कॅसेटची प्रत काढण्यास तासच लागे. पन्नास प्रती म्हणजे पन्नास तास. प्रत्येक तीस मिनिटांनी बाजू बदलावयाची. फीत अडकली तर पेन्सिलीने गुंडाळावयाची. मग मुखपृष्ठ कापावयाचे, दुमडावयाचे, क्रमांक लिहावयाचा, पाकीट करावयाचे आणि टपालघराच्या रांगेत उभे राहावयाचे. या श्रमाचे पैसे क्वचितच सुटत. मोबदला म्हणून बहुधा येई ती दुसऱ्या कोणाची तरी कॅसेट. त्यामुळे श्रोता आणि कलावंत असा भेद या मंडळीत फारसा उरला नाही. जो ऐके तो बहुधा करणाराही असे.

पत्ते मिळविण्याचे कामही याच वृत्तीने चाले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया येथून १९७९ पासून ‘ओपी’ नावाचे नियतकालिक निघत असे. इंग्रजी वर्णमालेतील एकेका अक्षराला एकेक अंक वाहिलेला, असा त्याचा क्रम होता. आणि १९८४ साली शेवटच्या अक्षराचा सव्विसावा अंक काढून ते ठरल्याप्रमाणे बंद झाले. त्यात घरगुती कॅसेटींची परीक्षणे पत्त्यांसह छापली जात. कोणा अनोळखी माणसाने लहानशा गावात केलेली कॅसेट अशा दोन ओळींच्या परीक्षणामुळे समुद्रापार जाई.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. कोलाहल आणि हस्तकला यांची जोडी का जमली? पहिले कारण गरजेचे. जे विकले जाणार नाही ते कारखाना घेत नाही. म्हणून ते हातानेच करावे लागते. दुसरे कारण कलेच्या अंतरंगातले आहे. शास्त्रोक्त गायनाच्या मुद्रणात फितीची सळसळ हा दोष होय, कारण ती गाण्याहून वेगळी ऐकू येते. कोलाहलात ती वेगळी राहत नाही. प्रतीवरून प्रत काढताना वाढणारी खरखर, फितीला पेलणार नाही इतका मोठा आवाज भरल्याने होणारी फाटाफूट, यंत्राच्या डळमळीत गतीचा कंप, हे सारे या संगीताच्या पोटात सामावून जाते. सुतार लाकडाची गाठ टाकून न देता तिचा उपयोग करतो, तसे हे लोक साधनाचा दोष कामास लावतात. तिसरे कारण माणुसकीचे म्हणावे लागेल. हा आवाज ऐकणाऱ्याला दूर लोटतो. त्याच्या डबीवरील हाताचे अक्षर मात्र त्याला जवळ बोलाविते. हे कोणा एकाने तुझ्यासाठी बसून केले आहे, एवढे ते अक्षर सांगते.

क्योतोच्या आकिफुमी नाकाजिमा याच्या कामात ही तिन्ही कारणे एकत्र दिसतात. व्यवसायाने तो रचनाकार होता. १९९१ पासून ‘ऑब’ या नावाने त्याने जी मुद्रणे केली, त्यांत एका मुद्रणासाठी एकाच वस्तूचा आवाज घ्यावयाचा असा त्याचा नेम होता. कधी पाणी, कधी दिव्यांच्या नळ्या, कधी हृदयाचे ठोके. १९९८ च्या एका प्रकाशनात तर केवळ बायबलच्या पानांचा आवाज आहे. ‘ग्रॉस’ हे लेबल तो स्वतः चालवी आणि त्याच्या कॅसेटींची वेष्टने निगुतीने रचलेली असत. २०१३ साली तो निवर्तला.

अमेरिकेतील लोवेल या गावाचे उदाहरण याहून रोखठोक आहे. मॅसाच्युसेट्स राज्यातील हे गाव एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. येथे १९८४ साली रॉन लेसार्डने ‘आरआररेकॉर्ड्स’ हे दुकान आणि लेबल सुरू केले. त्याच्या एका मालेचे नावच ‘रीसायकल्ड म्यूझिक’, म्हणजे पुनर्वापरातले संगीत. कोरी कॅसेट न वापरता जुन्या, विकून झालेल्या व्यापारी कॅसेटींवर तो कोलाहल मुद्रित करी, वेष्टनावरचे गायकाचे छायाचित्र रुंद चिकटपट्टीने झाकून टाकी, आणि त्या पट्टीवर जाड लेखणीने नव्या कलावंताचे नाव लिही. ज्या भारतीय घरांत कॅसेट-यंत्र होते, त्यांना यातील युक्ती सांगावयास नको. तयार कॅसेटच्या माथ्यावरील खाचेत कागदाचा बोळा घातला किंवा पट्टी चिकटविली, की तिच्यावर पुन्हा मुद्रण करता येते. नवे मुद्रण जेथे संपते तेथून पुढे जुने गाणे अवचित उमटते, हाही अनुभव अनेकांचा असेल. लेसार्डच्या मालेत या घरगुती युक्तीला कलेचा अर्थ आला. बाजाराने टाकून दिलेली वस्तू बाजाराने नाकारलेल्या आवाजाचे घर झाली.

या सर्व प्रकाराविषयी आक्षेप नाहीत असे नव्हे. हे संगीतच नव्हे, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर प्रत्येक कानाने स्वतः द्यावयाचे आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९८० च्या दशकातील काही युरोपीय लेबलांनी नाझी चिन्हे, खुनी माणसे आणि अत्याचाराची दृश्ये मुखपृष्ठांवर घातली. समाज जे झाकतो ते उघडे करणे हा आपला हेतू असल्याचे समर्थन त्यावर होत असे. परंतु त्या चित्रांतील बळींची संमती कोणी घेतली नव्हती, आणि धक्का देणे हा विचार करण्याचा पर्याय होऊ शकत नाही. कोणाचीही परवानगी न लागणे ही या साधनाची शक्ती. ‘हे करू नकोस’ असे म्हणणारा जवळ कोणी नसणे, ही त्याच शक्तीची दुसरी बाजू.

तिसरा धोका अनपेक्षित दिशेने आला. पन्नास प्रतींची कॅसेट दुर्मिळ होते, दुर्मिळ वस्तूचा संग्राहक जन्माला येतो आणि संग्राहकामागून भाव येतो. भेट म्हणून पाठविलेली वस्तू अशा रीतीने पुन्हा माल होते, आणि ‘मर्झ’ या तुकड्याला कापून टाकलेले डोके परत चिकटू पाहते. याला उतारा म्हणून असो वा नसो, २००० साली ऑस्ट्रेलियातील ‘एक्स्ट्रीम’ या लेबलाने मर्झबोच्या जुन्या, न मिळणाऱ्या मुद्रणांसह पन्नास तबकड्यांचा संच काढला. आवाज त्यामुळे वाचला. चिकटचित्रांची ती खरबरीत डबी मात्र मूळ प्रतीबरोबरच राहिली.

कारण कॅसेट ही मर्त्य वस्तू आहे. पूड धरून ठेवणारा लेप कालांतराने सैल होतो, दमटपणाने बुरशी चढते, फीत ताणली जाते, चिकटपट्टीचा डिंक सुकतो. बड्या कंपनीच्या मुद्रणाची मूळ प्रत कोठेतरी कोठारात असते. येथे ज्याच्या घरी मूळ प्रत होती, तो माणूसच तिचे कोठार. तो गेला, घर आवरले गेले, की एक प्रकाशनसंस्था तिच्या सर्व प्रकाशनांसह कचऱ्यात जाऊ शकते. या पिढीतील अनेक जण आता वृद्ध झाले आहेत. म्हणून या वस्तू जतन करावयाच्या की नाही, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा राहत नाही. कोणाच्याही मागणीवाचून, कोणाच्याही आज्ञेवाचून सामान्य माणसांनी रात्री जागून काय केले, याचा तो दप्तरी पुरावा आहे. आणि असा पुरावा इतिहासात नेहमीच फार थोडा उरतो.

या बाबतीत कॅनडातील टोरोंटो येथील एक घटना बोलकी आहे. तेथे सीकेएलएन नावाचे एक विद्यापीठीय रेडिओ केंद्र होते. त्या केंद्राच्या एका माजी निवेदकाकडे घरगुती कॅसेटींचा मोठा संग्रह होता. पुढे त्यांतील पुष्कळ फिती संगणकावर उतरविण्यात आल्या आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या खुल्या संग्रहालयात ‘नॉइज-आर्च’ या नावाने सर्वांसाठी ठेवण्यात आल्या. २०११ साली त्या केंद्राचा परवाना रद्द झाला आणि ते मूक झाले. ज्या लहरींवरून तो कोलाहल एके काळी पसरत होता, त्या लहरी थांबल्या. फितींतील आवाज मात्र आज कोणालाही ऐकता येतो.

तो ऐकताना पहिल्या क्षणी कानी पडते ती फितीची सळसळ. अजून काही सुरू झालेले नसते. कोणीतरी कळ दाबलेली असते, आणि कोठल्यातरी खोलीतील शांतता फितीवर उतरत असते. मागाहून येणारा गोंगाट कोणास रुचेल, कोणास रुचणार नाही. पण त्या सळसळीत एका माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसासाठी खर्च केलेला वेळ आहे, आणि तो ओळखण्यास संगीताचे शास्त्र यावे लागत नाही.